शितावरून भाताची परीक्षा: गोठवलेल्या मांसाचा ‘शिक्क्याचा नमुना’ कसा तयार होतो?



दूध, अंडी, मासे आणि मटण यांत उतरणाऱ्या कीटकनाशकांच्या अंशाबद्दल आपण कार्यक्रमात बोललो, तेव्हा गावोगावी एकच प्रश्न पुढे आला. “साहेब, प्रयोगशाळेनं कागदावर आकडा लिहून दिला, पण तो खरा कशावरून?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर या पत्रकात देत आहे.

आधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्यानं शेततळ्यात कटला आणि रोहू वाढवले होते. शेजारी कपाशी होती, म्हणून व्यापाऱ्यानं माशांची तपासणी मागितली. नमुना मीच भरून दिला, तोही एकच. निकाल आला आणि व्यापाऱ्यानं माल नाकारला. शेतकऱ्यानं तळ्यातले दुसरे मासे दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथला आकडा पहिल्याच्या एक तृतीयांश निघाला! खरा कोणता? पहिला नमुना वाटेत वितळला होता, हे नंतर कळलं. त्याच माशांचा जोडनमुना आम्ही मागं ठेवला नव्हता. तपासणी करताना यंत्राचा खरेपणा कशावर पडताळला, हेही आम्ही विचारलं नव्हतं. मासे उतरत्या भावात गावच्या बाजारात गेले. त्या माणसाची बाजू मांडायला माझ्या हातात काहीच उरलं नाही. तसं तुमचं होऊ नये, म्हणून हे सगळं मुळापासून समजून घेऊ.

काटा कशावर पडताळायचा?

बाजारात माल घातला की आपली नजर काट्यावर असते. काटा खोटा वाटला तर आपण काय करतो? शिक्क्याचं माप मागतो. सरकारी निरीक्षकानं पडताळून शिक्का मारलेलं दहा किलोचं माप काट्यावर ठेवलं आणि काट्यानं दहा किलोच दाखवलं, तर काटा खरा. वाद तिथंच मिटतो.

प्रयोगशाळेतलं यंत्र हाही एक काटाच आहे. फक्त तो फार बारीक वजन करतो. कीटकनाशकाचे अंश पुष्कळदा शंभर कोटी भागांत एक भाग, अशा प्रमाणात मोजावे लागतात. हे किती बारीक? दहा टनांचा एक ट्रक, असे उसाचे शंभर ट्रक भरले आणि त्या सगळ्या उसात मिळून एक ग्रॅम औषध असलं, तर ते शंभर कोटीत एक भाग झालं. एवढं बारीक वजन करणाऱ्या काट्याला शिक्क्याचं माप नको का?

हे माप म्हणजे लोखंडाचा ठोकळा नव्हे. तो असतो बाटलीत भरलेला नमुना. त्यात कोणता पदार्थ किती आहे, हे आधीच अत्यंत काळजीपूर्वक ठरवून दाखल्यावर लिहिलेलं असतं. शास्त्रात त्याला निर्देशक द्रव्य म्हणतात. आपल्या देशाची मूळ मापं नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपलेली आहेत. ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाच्या मालिकेचं कामही तिथूनच चालतं. आपण सोपं नाव घेऊ: शिक्क्याचा नमुना.

माप मांसाचंच का हवं?

आता तुम्ही म्हणाल, शुद्ध औषध मोजून पाण्यात मिसळलं की झालं माप! तसं होत नाही. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण चरबीचं. डीडीटी, बीएचसी ही जुनी औषधं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र चांगली विरघळतात. रोहित्राच्या जुन्या तेलातली पीसीबी नावाची रसायनंही तशीच. चाऱ्यातून जनावराच्या पोटात गेली की ती चरबीत साठतात आणि दुधाच्या स्निग्धांशातून बाहेर येतात. शेतीत डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. पण ही द्रव्यं मातीत लवकर कुजत नाहीत, म्हणून त्यांचे अंश अजून तपासावे लागतात.

दुसरं कारण काढणीचं. गुऱ्हाळात ऊस पिळला तरी थोडा रस चिपाडात राहतो. तसंच मांसातून औषधाचे अंश द्रावकानं ओढून काढताना काही भाग मांसात आणि चरबीत राहून जातो, आणि पुढं साफ करताना आणखी थोडा गळतो. शुद्ध औषधाच्या द्रावणावर यंत्र पडताळलं तर यंत्र खरं ठरेल, पण चिपाडात किती राहिलं ते कळणार नाही.

मांसावर वरून औषध टाकून पाहिलं तर? तेही अपुरं. कैरीच्या फोडीवर आत्ता भुरभुरलेलं मीठ पाण्यानं लगेच धुतलं जातं. लोणच्यात सहा महिने मुरलेलं मीठ तसं निघत नाही. जनावराच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेला अंश हा लोणच्यातल्या मिठासारखा आहे. म्हणून मापही तसंच मुरलेलं पाहिजे, आणि ते खऱ्या प्राण्याच्या खऱ्या मांसातूनच मिळतं.

असे नमुने कुठं तयार झाले?

या कामात अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेनं मोठी वाट पाडली. मेरीलँड राज्यातल्या गेथर्सबर्ग इथं ही संस्था आहे. १९८८ पर्यंत तिचं नाव नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌स असं होतं. आता तिला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी म्हणतात. १९७९ साली तिथं माणसाच्या यकृताचे नमुने गोठवून जपण्याचं काम सुरू झालं. पुढं कधीही तपासता यावेत, हा हेतू. त्या कामातून गोठलेलं मांस दळण्याची रीत बसली, आणि तीच शिक्क्याच्या नमुन्यांसाठी वापरली गेली.

बोस्टन बंदराच्या खाडीतले शिंपले घेऊन एक नमुना तयार झाला. आपल्या कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचेच हे भाऊबंद. मॅसॅच्युसेट्‌सच्या किनाऱ्याला लागलेल्या पायलट व्हेल जातीच्या देवमाशाच्या चरबीचा दुसरा नमुना झाला. सुपीरियर नावाच्या प्रचंड सरोवरातल्या ट्राऊट माशांचा तिसरा. शिंपला घाण पाणी गाळत राहतो, देवमाशाच्या चरबीत औषध साठतं, आणि ट्राऊट लहान मासे खाऊन मोठा होतो. म्हणून या तिघांच्या अंगात असले अंश मुळातच मुरलेले सापडतात.

सुकवून का ठेवत नाहीत?

आपण मासे सुकवतो, मिरची वाळवतो. मग मांस वाळवून त्याची भुकटी केली तर ठेवायला सोपी नाही का? सोपी आहे, आणि कामानुसार काही नमुने तसे करतातही. पण वाळवताना पाण्याबरोबर काही हलकी रसायनं उडून जातात. शिवाय कोरड्या भुकटीतून अंश काढणं आणि ओल्या मांसातून काढणं, यांत फरक पडतो. प्रयोगशाळेकडे तर ताजा, ओला मासा येतो. ज्याचं वजन करायचं, त्याच्यासारखंच माप हवं. म्हणून पाणी, चरबी आणि मांस जसंच्या तसं राखून ते गोठवतात. गोठल्यावर कुजणं थांबतं आणि चरबी खवट होण्याचा वेग अगदी मंदावतो.

भुकटी कशी करतात?

यात द्रव नत्राचं काम मोठं. ही वस्तू तुम्हाला नवी नाही. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या पांढऱ्या वाफेच्या टाकीत ठेवतात, त्या टाकीत द्रव नत्रच असतो. त्याचं तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस. आता एकेक पायरी पाहू.

१. जमवणं. एका वेळी बराच माल लागतो, कारण त्यातून शेकडो बाटल्या भरायच्या असतात. कापणारे लोक हातमोजे घालतात. सुरी, पाट, पिशवी यांतून कसलाही अंश मांसाला लागता कामा नये. म्हणून साध्या प्लॅस्टिकऐवजी टेफ्लॉनच्या पिशव्या आणि स्वच्छ काच वापरतात. शंभर कोटीत एक भाग मोजायचा म्हटलं की हाताला लागलेलं औषधही मोजमाप बिघडवतं.

२. गोठवणं. मांस लगेच द्रव नत्रात गोठवतात आणि दळेपर्यंत अतिथंड ठेवतात. वेळ लागला की मांसातली पाचक द्रव्यं आपलं काम सुरू करतात.

३. दळणं. घरच्या मिक्सरमध्ये मटणाचा खिमा केला की काय होतं? भांडं तापतं, चरबी सुटून कडेला चिकटते, आणि कातडी-शिरांचे धागे तसेच राहतात. असल्या खिम्याचा एक चमचा दुसऱ्या चमच्यासारखा नसतो. पण तेच मांस द्रव नत्राच्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. मग थंड केलेल्या टेफ्लॉनच्या चक्कीत घालून ते दणादण हलवतात. आतली जड चकती मांसाचा चुरा करते. चरबी वितळत नाही, धागे उरत नाहीत. हाती येते ती बर्फासारखी बारीक, कोरडी दिसणारी भुकटी.

४. मिसळणं. एका घाणीत सगळा माल मावत नाही. म्हणून सगळ्या घाण्यांची भुकटी थंडीतच एकत्र करून पुनःपुन्हा सरमिसळ करतात. पहिल्या घाणीतला मासा जास्त चरबीचा आणि शेवटचा कमी चरबीचा असला, तरी मिसळल्यावर फरक राहू नये, हा उद्देश.

५. भरणं. आधीच थंड केलेल्या काचेच्या बाटल्यांत थोडी थोडी भुकटी भरतात. ट्राऊटच्या नमुन्याच्या एका बाटलीत दहा ग्रॅमहूनही कमी माल असतो. झाकण घट्ट लावून बाटल्या शून्याखाली ८० अंश किंवा त्याहून थंड कपाटात जातात.

थंडी तुटली की काय होतं? शिंपल्याची भुकटी शून्याखाली २५ अंशांपर्यंत जरी तापली, तरी तिचा भुसभुशीतपणा जाऊन तिचे गोळे होऊ लागतात. २५ अंश म्हणजे आपल्या हिशेबानं कडक बर्फच की! तरीही ते माप बिघडायला पुरतं. पूर्ण वितळली तर पाणी एकीकडे, चरबी एकीकडे होते. म्हणून तपासनीसानं भुकटी भुसभुशीत असतानाच झटपट वजन करून घ्यायची असते.

शिक्का केव्हा बसतो?

नुसती बाटली भरून माप होत नाही. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. पण ती खरी केव्हा? सगळा भात सारखा शिजला असेल तेव्हा. तळाला करपलेला आणि वर कच्चा असला, तर एका शितानं काय कळणार?

म्हणून भरणीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या बाटल्या निवडून काढतात. प्रत्येक बाटलीतून वेगवेगळे भाग घेऊन तपासतात. बाटली-बाटलीत आणि एकाच बाटलीतल्या भागांत फरक नगण्य निघाला, तरच नमुना एकजीव मानतात. किमान किती ग्रॅम माल घेऊन तपासायचं, हेही यावरूनच ठरतं.

मग टिकाऊपणा पाहतात. बाटल्या ठेवून मधून मधून पुन्हा तपासतात. आकडा बदलत नसेल तर दाखल्यावर मुदत लिहितात.

शेवटी खरा आकडा ठरवतात. त्यासाठी एकाच रीतीवर विसंबत नाहीत. दोन किंवा अधिक वेगळ्या रीतींनी, कधी वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून, तोच नमुना तपासतात. एका रीतीची खोट दुसरीत उघडी पडते. दाखल्यावर नुसता आकडा नसतो, त्यापुढं ‘अधिक-उणे इतके’ असंही असतं. आमचं माप इतकं चुकू शकतं, हे ज्यात स्पष्ट सांगितलं आहे, तोच आकडा भरवशाचा.

असा नमुना प्रयोगशाळेत आला की तपासनीस तुमच्या नमुन्यांच्या रांगेत तोही ठेवतो. तीच काढणी, तेच यंत्र. दाखल्यावरचा आकडा जवळपास जुळला, तर त्या रांगेतल्या तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. नाही जुळला, तर काम थांबवून चूक शोधायची.

आपल्या हाती काय आहे?

शिक्क्याचा नमुना आपण घरी करायचा नाही. पण त्यामागची शिस्त आपल्या नमुन्यालाही लागू आहे. प्रयोगशाळेचं माप कितीही खरं असलं, तरी आपणच वितळलेला नमुना दिला तर काट्याचा काय दोष?

नमुना पाठवताना एवढं करा:

• एकाच माशाचा किंवा एकाच गायीचा नमुना देऊ नका. तळ्याच्या वेगवेगळ्या भागांतले मासे घ्या. दुधाचा कॅन नीट ढवळून मगच दूध काढा, नाहीतर वर साय आणि खाली पाणचट दूध असा फरक पडतो.

• प्रयोगशाळेनं दिलेलं भांडं वापरा. ते नसेल तर स्वच्छ, कोरडी काचेची बरणी घ्या. औषधाची किंवा तेलाची रिकामी बाटली धुऊनही वापरू नका. फवारणी करून आलेल्या हातानं नमुना भरू नका.

• एकाच मालाचे दोन सारखे भाग करा. दोन्ही मोहोरबंद करून साक्षीदाराची सही घ्या. एक पाठवा, दुसरा गोठवून जपून ठेवा. वाद झाला तर तोच तुमचा साक्षीदार. माझी चूक झाली ती इथं.

• मासे किंवा मटण गोठवून, बर्फाच्या पेटीत भरपूर बर्फ घालून पाठवा. वितळलेला नमुना पुन्हा गोठवून देऊ नका, नवा घ्या. शनिवारी पाठवला तर रविवारभर टपालात पडून राहील, म्हणून वार पाहून पाठवा.

• चिठ्ठीवर तारीख, गाव, तळं किंवा गोठा, दिलेला चारा आणि जवळच्या शेतातली फवारणी लिहा.

प्रयोगशाळेला विचारा:

• या तपासणीसाठी तुम्हाला एनएबीएलची मान्यता आहे का? मान्यता तपासणीनिहाय असते. पाणी तपासायची मान्यता माशाला चालत नाही.

• आमच्या नमुन्याबरोबर शिक्क्याचा नमुना चालवला का? तो मांसाचा किंवा दुधाचा होता का, आणि त्याचा आकडा किती आला?

• अहवालातला आकडा सबंध मालावर आहे की नुसत्या चरबीवर? हा प्रश्न विसरू नका. समजा म्हशीच्या दुधात सहा टक्के स्निग्धांश आहे. औषधाचा सगळा अंश त्या स्निग्धांशात धरला, तर चरबीवरचा आकडा सबंध दुधावरच्या आकड्याच्या सोळा-सतरा पट दिसेल. दूध तेच, अंश तोच, फक्त भागाकार वेगळा! असे दोन अहवाल शेजारी ठेवून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

हे प्रश्न विचारायला लाजू नका. काट्यावर शिक्क्याचं माप मागणं जसा आपला हक्क, तसाच हाही. चांगल्या प्रयोगशाळेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट ती कागद काढून दाखवते.

जाता जाता द्रव नत्राबद्दल एक इशारा. दवाखान्यातल्या टाकीजवळ मुलांना खेळू देऊ नका. तो अंगावर पडला तर भाजल्यासारखी जखम होते. टाकी कधीही बंद खोलीत किंवा बंद गाडीत नेऊ नका. त्याची वाफ खोलीतली हवा बाहेर लोटते, आणि माणूस कळायच्या आत गुदमरतो.

थोडक्यात, बंधू-भगिनींनो, शितावरून भाताची परीक्षा खरी, पण भात सारखा शिजलेला हवा आणि शीत ताजं हवं. पहिलं पाहणं प्रयोगशाळेचं काम, दुसरं आपलं. आपलं काम चोख केलं, तर समोरच्याला जाब विचारायला तोंड राहतं.

नमुना भरताना अडचण आली तर आपल्या भागातल्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला गाठा. जोडनमुना मात्र ठेवल्याशिवाय पेटी बंद करू नका.

राम राम!